दिसते तं खरं, उगवते का?

नत्थूजींनी एकदा रुद्राक्ष ओल्या बारदान्यात गुंडाळून आठ दिवस ठेवला होता.

झालं असं, की आमच्या आसगावात एक बुवा आला. त्याच्याजवळचे रुद्राक्ष म्हणे जागृत, त्यांच्यात जीव. अर्ध्या गावानं घेतले. माझ्या आईनं घेतला. नत्थूजींनीही अगदी हात जोडून घेतला, आणि घरी नेऊन बारदान्याच्या ओल्या तुकड्यात गुंडाळला. रोज सकाळी उघडायचे, भिंग लावून बघायचे, पाणी शिंपडायचे, परत गुंडाळायचे. नवव्या दिवशी बुवाचं प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना हा माणूस तळहातावर रुद्राक्ष घेऊन भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "बुवाजी, दिसते तं खरं. पन उगवत नाही जी. मेला हाये हा."

बुवानं दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. आईनं नत्थूजींशी महिनाभर अबोला धरला.

"दिसते तं खरं, उगवते का?" हे नत्थूजींचं वाक्य. यात त्यांची सगळी हयात आली. सरकारी बियाण्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली. धानाचे शंभर दाणे घ्यायचे, ओलसर ठेवायचे, आठवड्यानं उघडून किती उगवले ते बघायचं, एवढंच काम. दाणा किती का टपोरा असेना, नत्थूजींवर त्याचा काडीचा परिणाम होत नसे. रिटायर झाले तरी बनियनच्या खिशात चिमटा आणि भिंग आहेच. नवा सरपंच भाषण करून खाली बसला की हे शेजारच्याला विचारणार, "दिसते तं खरं, उगवते का?" मी दुकान उघडलं त्या दिवशी सगळं गाव पेढा खाऊन "लय छान, लय छान" म्हणत होतं. नत्थूजी बोर्डाकडे बघून म्हणाले, "दिसते तं खरं." मी इतका भडकलो की पेढ्याचा डबा त्यांच्यासमोरून तसाच पुढे नेला.

मी मनोज. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मी रागीट आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कोणी दोनदा म्हटलं तर मला राग येतो.

आमच्या आणि नत्थूजींच्या घरात एकच भिंत. मी त्यांना काकाजी म्हणतो. ते एकटेच राहतात. मुलगी लग्न होऊन तिकडे बपेऱ्याला, पार मध्यप्रदेशच्या सीमेवर. सिंधूकाकी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी गेल्या. त्याबद्दल काकाजी कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी चाललेलं होतं.

गाडीवर मागे बसले की काकाजी दोन्ही हातांनी पाठीमागचं कॅरियर धरतात. माझ्या अंगाला बोट लावणार नाहीत. काटा तीसच्या वर गेला की मागून ओरडा सुरू, "अबे मनोज, काहून उडवून राहिला बे? विमान हाये का?"

तर या माणसाला दोनेक वर्षांपूर्वी नवंच खूळ लागलं. आमच्या आरोग्य केंद्रात एक डाक्तरीण बाई बदलून आल्या. काकाजी पहिल्याच आठवड्यात चार वेळा त्यांच्याकडे गेले. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला मोठा आजार असावा. आजार काही नव्हता, एक प्रश्न होता. कोरोना झालेला माणूस दुसऱ्याला तो किती दिवस देऊ शकतो?

आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? सारं जग कोरोना विसरलं. आम्ही उरलेल्या मास्कनं गाडीची सीट पुसायला लागलो. आणि हे गृहस्थ गावात कोणाच्या तपासणीत तो निघाला की दारात हजर! स्वतः मास्क लावून, अंगणात उभं राहून उलटतपासणी. "खवखव कोन्या दिवशी सुरू झाली? ताप गेला का गोळीनं दबला? लशीचे टीके किती घेतले? शुगर हाये का?" घरच्यांना वाटायचं, सरकारनंच पाठवलं यांना. एका बाईनं तर चहा करून वर राशनकार्डाचं कामही सांगितलं.

"सगळ्याइचे दिवस सारखे नसते बे," ते मला समजवायचे. मला नको असायचं तरी समजवायचे. "हलका धान लवकर येते, भारी धान उशिरा येते. सगळ्याइची कापनी एकाच दिवशी करतं का? मानसाचं बी तसंच हाये. ज्याले जराशी सर्दी झाली, टीके घेतले हायेत, अंगात जोर हाये, तो लवकर मोकळा होते. ज्याले जोराची बिमारी झाली, दवाखान्यात राहा लागलं, त्याले जास्त दिवस. अन ज्याच्या अंगात झुंजाची ताकदच नाही, त्याले तं किती लागतीन, डाक्तरले बी सांगता येत नाही."

ही शेवटची जात म्हणजे आमचे गुणवंता मास्तर. त्यांची किडनी बदललेली. बसवलेली किडनी अंगानं नाकारू नये म्हणून त्यांना अशा गोळ्या आहेत की अंगाची सगळी ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली. त्यांना कोरोना झाला तेव्हा डाक्तरीण बाईंनी सांगितलं, यांच्यात तो खूप दिवस जिवंत राहू शकतो, नुसते दिवस मोजून सोडू नका. झालं! काकाजी रोज सकाळी मास्तरांच्या खिडकीबाहेर उभं राहून त्यांना पेपर वाचून दाखवायला लागले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, निधनवार्ता तेवढ्या गाळून. दीड महिना. मास्तर बरे झाले तेव्हा म्हणाले, "कोरोना परवडला, पण नत्थूच्या तोंडून शेअर बाजार ऐकणं नाही."

आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचो. मग माझी पाळी आली.

दिवाळी होऊन मंडईचे दिवस आले होते. इकडे मंडई म्हणजे जत्रा, प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी; लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजतात. दुकानात नुसती गर्दी. पुण्याहून आलेल्या एका दोस्तानं माझ्या काउंटरवर दोन तास बसून नाक शिंकरलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की त्याला कोरोना निघाला. मी म्हटलं, हट्, आता कोणाला होतो कोरोना! तीन दिवसांनी, मंगळवारी, माझा घसा धरला.

आणि बुधवारी पहाटे सासऱ्यांचा फोन आला. माझं सासर कोंढ्याचं, अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वैशाली दोन महिन्यांपासून तिकडेच होती.

"जावईबापू, पोट्टी झाली! दोघीबी चांगल्या हायेत!"

मी जो ओरडलो! आई हाताला कणीक तशीच घेऊन धावत आली. मला बोलताच येईना, मी नुसता "पोरगी, पोरगी" करत होतो. तिनं कणकेच्या हातांनीच माझे गाल धरले. शर्टाची बटणं खालीवर लागली तसाच मी गाडीवर बसलो, किक मारली, आणि गल्लीच्या तोंडाशी येतो तर काकाजी आडवे. त्यांना बातमी ओरडून सांगायला तोंड उघडलं, आणि बातमीच्या ऐवजी खोकला आला.

काकाजी दोन पावलं मागे सरले. गमछा नाकाला लावला. मग हात लांब करून माझ्या गाडीची चाबी काढली आणि बनियनच्या खिशात टाकली.

"काकाजी, चाबी द्या."

"खोकला कवापासून?"

"मला मुलगी झाली जी!"

"लय चांगलं झालं. खोकला कवापासून?"

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. सगळी गल्ली बाहेर आली. काकाजी माझ्यापासून एक बांबूभर अंतर राखून चालत राहिले आणि मी चाबीच्या मागे मागे थेट आरोग्य केंद्रात पोचलो. नाकात काडी गेली. पंधरा मिनिटांनी डाक्तरीण बाई म्हणाल्या, "मनोजभाऊ, पॉझिटिव्ह आहे. घाबरू नका, तुम्हाला सौम्य दिसतोय. पण इतक्यात बाळाजवळ जायचं नाही."

"किती दिवस?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला. "दहा! पहिला शून्य धरून दहा!"

बाई हसल्या. "काकाजींना सगळं पाठ आहे. साधारण दहा दिवस. पण नुसते दिवस नाही, गोळी न घेता ताप गेलेला पाहिजे, बाकीचा त्रास उतरलेला पाहिजे. तुमची लस झालेली आहे, दुसरा आजार नाही, तब्येत दणकट आहे. आजार वाढला नाही तर जास्त लागणार नाहीत."

"हलका धान हाये बाई हा," काकाजी म्हणाले. "लवकर येईन."

मला भर दवाखान्यात हलका धान म्हटलं! मुलीच्या जन्माच्या दिवशी!

समोरच्या खोलीत माझी रवानगी झाली. आईला काही होत नव्हतं, तरी तिलाही काकाजींनी तंबी दिली, "वहिनी, तुमीबी पाच-सात दिवस कोंढ्याले जाचं नाही. लक्षन दिसाच्या एक-दोन दिस आधीपासूनच मानूस वाटत सुटते." आई मास्क लावून मागच्या अंगाला राहू लागली, आणि माझ्या दारासमोर ओसरीत, बरोबर एक बांबू अंतरावर, काकाजींनी एक लाल प्लास्टिकचं स्टूल मांडलं. मास्क लावला, खिडक्या सताड उघडायला लावल्या, आणि बसले. मला वाटलं, थोड्या वेळानं उठतील. कसचे उठतात!

पहिलं भांडण शून्यावरून झालं.

"मंगळवारी घसा धरला, म्हणजे मंगळवार एक," मी म्हटलं.

"मंगळवार शून्य."

"असा कसा शून्य?"

"पेरलं त्या दिवशीच उगवलं म्हनते का कोनी? पेरनीचा दिवस शून्य. बुधवार एक."

मग मी डोकं चालवलं. मी म्हटलं, "काकाजी, आता आठवलं, मला तर रविवारपासूनच खवखव होती."

काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रविवारी तू चौकात बरफाचा गोला खाऊन राहिला होता. काला-खट्टा. दोन खाल्ले."

दोन खाल्ले होते, हे खरं. यांना कसं माहीत, देव जाणे.

वैशाली दिवसातून दहादा व्हिडिओ कॉल करायची. मुलगी सव्वादोन किलोची, हातभर, डोळे घट्ट मिटलेले. मी मोबाइल छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालायचो. काकाजी म्हणायचे, मला फोटो पाठव. पाठवला की ते आपल्या मोबाइलवर भिंग धरून एक एक बोट तपासायचे. "कान तुह्यासारखे हायेत. नाक वैशालीचं हाये, चांगलं झालं."

"काकाजी, फोटो बोटानं मोठा होतो जी. भिंग कायले पाहिजे?"

"बोटानं मोठा केला तं फाटते तो. भिंगातून चांगला दिसते."

ताप गुरुवारी होता, शुक्रवारी होता. शनिवारी अंग घामानं भिजलं आणि मोकळं झालं. मी आनंदानं ओरडलो, "गेला!" ओसरीतून आवाज, "गोळी कवा घेतली होती?" सकाळी घेतली होती. "मंग गेला नाही, दबला हाये. उद्याच्याले बिना गोळीचा पाहू." रविवारी बिना गोळीचा पाहिला. खरंच गेला होता. काकाजी स्टुलावरून उठून जागच्या जागी एक गिरकी मारून परत बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस! मला हसू आवरेना.

सोमवारी गावची मंडई. सगळं गाव नटून निघालं. दंडारीचा ढोल आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येत होता. काकाजींनी आयुष्यात एक दंडार सोडलेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "जा ना जी काकाजी. मी कुठे पळून चाललो? चाबी तुमच्याकडेच आहे."

"पाहिलेली हाये दंडार."

"ही नवीन आहे म्हणतात."

"पुढच्या साली जुनी होईन, तवा पायतो."

"अहो पण इथे बसून काय करून राहिले तुम्ही?"

त्यांनी मास्क नाकावर नीट बसवला. ढोल वाजत होता. मग म्हणाले, "बंद खोलीत एकट्या मानसाले वाटते, आपल्याले सोडून सारे चालले गेले. कोनीतरी दिसाले पाह्यजे समोर." आणि लगेच मोठ्यानं, "तुले नाही समजाचं ते. खिडकी उघड, हवा कोंडून राहिली!"

माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. माझ्या डोक्यात फक्त शनिवार होता. शुक्रवारी दहा भरत होते. रविवारी बारावा दिवस, कोंढ्याला बारसं. शनिवारी जायचं, मुलीला घ्यायचं, रविवारी बारशाला बाप म्हणून मिरवायचं. सगळं ठरलेलं.

मंगळवारी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, या तुमी. पन मोठी तपासनी करून निगेटिव्हचा कागद घेऊन या. पोट्टी लहान हाये, आमाले भेव लागते."

यात चूक काय होतं? बुधवारी दिवेलागणीला काकाजी घरी गेल्यावर मी त्यांना न विचारताच आईच्या भाच्याबरोबर तोंड बांधून जाऊन नाकातलं पाणी भंडाऱ्याच्या तपासणीला देऊन आलो. शुक्रवारी दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

 ताप जाऊन इतके दिवस झालेले, खोकला नाही, दोन वेळा पोटभर जेवतो, आणि पॉझिटिव्ह! आई म्हणाली, "राहू दे रे बाप्पा, महिनाभर थांब. लेकीपेक्षा मोठं काय?" सासरे म्हणाले, "मंग नका येऊ जी. बारसं आमी उरकून घेतो. निगेटिव्ह झाले की या." आणि दहा दिवस सगळ्या जगाशी भांडलेला मी, चक्क "बरं" म्हणालो. माझ्या श्वासानं त्या हातभर पोरीला काही झालं तर? महिना तर महिना. मी दार ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

दारावर बांबू आदळला.

"कोनं कराले सांगितली ही तपासनी?" काकाजींचा इतका चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "उघड! उघड म्हनतो ना!"

मी दार उघडलं.  त्यांनी डाक्तरीण बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाई वैतागल्याच. "अहो, ही तपासणी आत्ता कशाला केली? तिच्यात मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात. कोणाकोणाला आठवडेच्या आठवडे सापडत राहतात. त्यावरून माणूस अजून दुसऱ्याला आजार देतो की नाही, ते कळत नाही. तुमचा आजार सौम्य होता, दहा दिवस झाले, ताप जाऊनही बरेच दिवस झाले. उद्या खुशाल जा. बाळाजवळ अजून काही दिवस मास्क ठेवा, हात धुवा, आणि मुके घेऊ नका, बस."

"ऐकलं?" काकाजी म्हणाले. "पोचट हाये बे! फोल! कागदाले दाना दिसला. तो उगवते का, हे कागदाले काय समजते?"

मी मान हलवली. पण जायची हिंमत काही होईना.

शनिवारी सकाळी सातला काकाजी दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, हातात माझ्या गाडीची चाबी.

"चाल."

"काकाजी, अजून दोन-चार दिवस जाऊ द्या. बारसं झालं की..."

"एक घंटा बी नाही."

"तुम्हीच तर मला दहा दिवस..."

"ज्या दिवशी नाही म्हनलो त्या दिवशी नाही. आज हाव म्हनून राहिलो. बस गाडीवर!"

दोघांनीही मास्क लावले. काकाजी मागे बसले, कॅरियर धरलं. गाव सुटलं. दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाचे ढीग, मळणीची धूळ. मी आपला तीसवर, सवयीनं.

"जोरानं चालव बे!" मागून आवाज आला. मला वाटलं, चुकून ऐकलं.

"चाळीस करू?"

"पन्नास कर! काहून रांगून राहिला?"

कोंढ्याला सासऱ्यांच्या अंगणात मांडव पडत होता. सासरे फाटकातच आडवे आले. वाईट माणूस नाही तो, नातीच्या काळजीनं डोळे खोल गेलेले. "कागद आनला का जी?"

माझ्याजवळ एकच कागद होता. तो मी दाखवला.

"मंग कायले आले जावईबापू?" त्यांचा आवाज रडवेला झाला. "आमी का दुश्मन हाओ का तुमचे?"

मी मागे फिरलोच होतो. काकाजी पुढे झाले. मला वाटलं, आता हलका धान, भारी धान, शून्यावा दिवस, सगळं निघणार. काकाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि सासऱ्यांकडे बघितलं.

"पाटील, मी चौतीस वर्सं बियान्याच्या प्रयोगशाळेत होतो. आमची सिंधू त्या साली दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. ताप नाही, खोकला नाही. भाकर खात होती. पन तपासनी केली तं पॉझिटिव्ह. परत केली, परत पॉझिटिव्ह. मी पडलो प्रयोगशाळेतला मानूस. मले रिपोर्ट म्हंजे देव. तिले मांगच्या खोलीत ठेवली, पोत्याइजवळ. ताट उंबरठ्यावर ठेवाचं अन मांगं सराचं. एक महिना अन वर तीन दिवस. ती रोज म्हने, अजी, जरासे इथं येऊन बसा ना. काही बोलू नका, नुसते बसा. मी म्हनो, रिपोर्ट येऊ दे, मंग बसतो."

मांडवाचे बांबू बांधणारे थांबले होते.

"मंग?" सासऱ्यांनी विचारलं.

"एका सकाळी ताट ठेवलं तं उचललंच नाही तिनं. छातीचं दुखनं होतं जुनं. दुपारी फोन आला, निगेटिव्ह हाये म्हनून." काकाजी टोपीची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. "ह्या नव्या बाईले इचारलं मी. त्या म्हनल्या, तुमची बाई दहा नाही तं वीस दिवसात मोकळी झाली असन. मंग बाकीचे दिवस काय होते जी? पोचट होतं सारं. चौतीस वर्सं मी लोकाइले इचारत फिरलो, दिसते तं खरं, उगवते का. अन माह्या घरात इचाराचं इसरलो."

काकाजींनी माझ्याकडे हात केला.

"आठ दिवसाआधी हा आला असता तं मीच याची चाबी काढली असती. काढली बी. पन आज याचे दिवस भरले हायेत. याले फाटकात उभा नका ठेवू."

मला एकदम ते लाल स्टूल आठवलं. दहा दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मंडई सोडून, दंडार सोडून. आणि मी त्यांना किती बोललो होतो!

"बाबा, सरका बाजूले," दारातून वैशाली म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. डोळे पुसत ती अंगणात उन्हात आली. "हात धुतले का?"

मी तीनदा धुतले. कोपरापर्यंत धुतले. सासऱ्यांनी स्वतः तांब्यानं पाणी घातलं, आणि इतकं घातलं की माझी पँट भिजली. मग वैशालीनं माझ्या हातात ती गुंडाळी ठेवली.

काय सांगू तुम्हाला! ती काहीही करत नव्हती. नुसती झोपली होती. मास्कच्या आत मी लहान पोरासारखा रडत होतो. एवढ्याशा ओठांवर दुधाचा एक थेंब होता. कान माझेच होते.

काकाजी फाटकाजवळच उभे होते. वैशालीनं हाक मारली, "काकाजी, तिथं काहून उभे राहिले? या ना, पाहा ना." ते आले, पण बांबूभर अंतरावर थांबले. "जवळ या जी," ती म्हणाली. मग ते अगदी जवळ आले, वाकले. त्यांचा हात खिशाकडे गेला, भिंग अर्धं बाहेर आलं, आणि त्यांनी ते परत ठेवून दिलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता ते वाक्य येणार म्हणून. मुलीनं जांभई दिली.

"चांगली हाये," काकाजी म्हणाले, आणि टोपीनं डोळे पुसले.

जेवल्याशिवाय सासऱ्यांनी सोडलं नाही. उद्या बारशाला दोघांनीही यायचं, असं कबूल करून घेतलं. दुपारी आम्ही निघालो. मला तर उडत जावंसं वाटत होतं. कधी एकदा आईला सांगतो असं झालेलं. कोंढ्याच्या बाहेर पडल्यावर मी काटा पन्नासवर नेला.

"हळू चालव बे," मागून आवाज आला. "आता कायची घाई हाये?"

मी तीसवर आणला. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. मी आरशात पाहिलं. काकाजींनी कॅरियर सोडलं होतं.

मी काटा वीसवर आणला.